तोरणमाळला जाऊन करायचं काय?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घरची सहा माणसं नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या तोरणमाळला न्यायची आहेत. त्यात नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुलं, गुडघे दुखणारे सासरे आणि थंडी न सोसणाऱ्या सासूबाई. गाडी घरची. मोबाईलवर शोधलं तर सहा-सात पॉइंटांची नावं सापडतात, फोटो मात्र सगळे एकाच तलावाचे. खाली शहाद्यात लॉजवर राहून एका दिवसात वर जाऊन यावं की वरच मुक्काम करावा? आणि मुक्काम केला तर दिवसभर करायचं काय?

ताई, मी शहाद्याचा. तोरणमाळच्या घाटात बावीस वर्षं गाडी चालवली. आधी काळी-पिवळी, नंतर बाहेरच्या पाहुण्यांची जीप. त्यामुळे "वर काय आहे हो?" हा प्रश्न मी वाटेवरच्या म्हसावदपासून काळापाणी गावापर्यंत हजारदा ऐकला आहे, आणि खाली उतरताना "काहीच नव्हतं हो" हेही बऱ्याचदा ऐकलं आहे. दुसरं वाक्य म्हणणारे जवळजवळ सगळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतलेले असतात.

म्हणून पहिलं उत्तर हेच, की एका दिवसात जाऊन येऊ नका. सगळे पॉइंट तीन-चार तासांत उरकतात हे खरं आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. एका दिवसाचा पाहुणा बारा-साडेबाराला वर पोचतो. ऊन डोक्यावर, तलावाचं पाणी पांढरं पडलेलं, दरीत धुरकट. तो जेवायला तासभर ताटकळतो, सीताखाईच्या दरीपाशी दहा मिनिटं उभा राहतो आणि अंधाराच्या भीतीने चारला गाडीत बसतो. त्या वेळेला तिथे खरंच काही नसतं. तोरणमाळ सकाळी नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर बघायचं गाव आहे. मधला वेळ जेवणाचा, झोपण्याचा आणि मुलांना मोकळं सोडण्याचा. दोन रात्री राहा. एकच जमत असेल तर एक, पण एक सकाळ तरी वर मिळाली पाहिजे.

डिसेंबरअखेर ही वेळ तुम्ही उत्तम निवडली आहे. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर, म्हणजे शहाद्यापेक्षा हजारेक मीटर वर. तेवढ्या उंचीला हवा पाच-सहा अंशांनी थंड होते हे शाळेचं गणित झालं, पण तोरणमाळची रात्र त्या गणितापेक्षा जास्त गार असते. गाव आणि तलाव चहूबाजूंनी टेकड्यांच्या मध्ये, थाळीत ठेवल्यासारखे आहेत. आकाश निरभ्र असलं की जमीन रात्री भराभर निवते, आणि जड झालेली गार हवा उतारांवरून घरंगळत येऊन थाळीच्या तळाशी, म्हणजे नेमकी तलावाकाठी साचते. काही वर्षी तर गवतावरचं दव गोठतं. सासूबाईंसाठी कानटोपी, पायमोजे आणि घरची गोधडी न्याच. खोलीवर मिळणाऱ्या ब्लँकेटच्या भरवशावर राहू नका. खोली निवडायची संधी मिळाली तर तलावाकडे तोंड असलेली सोडून चढावरची घ्या. सकाळी पाच मिनिटं जास्त चालावं लागेल, पण रात्री कुडकुडणार नाही.

मुक्कामाला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे, वनविभागाचं विश्रामगृह आहे, शिवाय थोडी खाजगी सोय. थोडीच, हे लक्षात ठेवा. नाताळच्या आठवड्यात खोली आधी पक्की केल्याशिवाय सासू-सासऱ्यांना घेऊन निघू नका.

आता वाट. येताना मालेगाव, धुळे, सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा असे या आणि सारंगखेड्याला तापी ओलांडून शहाद्याला पोचा. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तुमच्या तारखा त्या यात्रेत पडत असतील तर दोन तास राखून ठेवा. मुलं तोरणमाळ विसरतील पण ते घोडे विसरणार नाहीत. घोडा खरीदणारा माणूस आधी खूर बघतो, मग दात, मग अंगावरचे भोवरे. विकणारा त्याचे डोळे बघत असतो. हा खेळ लांबून, शांतपणे बघायचा. घोड्याच्या मागे मात्र मुलांना उभं राहू देऊ नका. यात्रा नसेल तर पुलावर गाडी हळू करा, तापीचं पात्र बघा आणि पुढे चला.

शहाद्यात तीन कामं करा. टाकी फुल्ल, खिशात रोख पैसे, आणि सासऱ्यांची दोन दिवसांची गोळ्या-औषधं. वर मोबाईलची रेंज येते-जाते, आणि रेंज गेली की ऑनलाइन पैसेही गेले. एकदा पुण्याच्या चार तरुणांचं जेवणाचं बिल मी भरलं होतं. त्यांच्याकडे तीन महागडे फोन होते आणि रोख चाळीस रुपये. (पैसे त्यांनी खाली आल्यावर लगेच दिले, पोरं चांगली होती.)

शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. म्हसावदपर्यंतचा पट्टा ऊस, केळी आणि पपईचा. डिसेंबरात ऊसतोड जोरात असते, आणि या रस्त्यावरचं खरं भय घाटात नाही, इथे आहे. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, संध्याकाळी समोरून लाईट आला की त्या दिसतच नाहीत. माझ्या जीपचा डावा आरसा अशाच एका ट्रॉलीने नेला. नशीब, नुसता आरसाच गेला. सकाळी नाशिकहून लवकर निघा म्हणजे हा पट्टा उजेडात पार होईल.

म्हसावद, राणीपूर, नागझिरी, काळापाणी असं करत रस्ता डोंगराला भिडतो. घाटाला सातपायरी म्हणतात. खालून बघितलं तर नाव का पडलं ते कळतं. डोंगर एकसंध चढत नाही, टप्प्याटप्प्याने चढतो. उभा कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. तेरा वर्षांच्या मुलाला हे दाखवा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि निवले. प्रत्येक थराची पुढे झीज होऊन एकेक पायरी झाली. इंग्रजीत या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' हा जिन्यासाठीचा स्वीडिश शब्द. म्हणजे परदेशी भूगर्भवाल्यांनी आणि इथल्या माणसाने एकमेकांना न विचारता डोंगराला एकच नाव दिलं. रस्ता खोदताना कडा कापला आहे तिथे दोन काळ्या थरांमध्ये विटकरी रंगाची पट्टी दिसेल. एक थर निवल्यावर आणि दुसरा येण्याआधी मध्ये जो काळ गेला, त्यात वरचा खडक कुजून झालेली ती माती आहे.

घाट चालवायला अवघड नाही, पण वळणं आवळ आहेत. चढताना ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या गाडीचा जळका वास मला माझ्या जीपमध्ये बसून येतो. वळणाला हॉर्न द्या. वरून येणाऱ्या जीपमध्ये आत बारा आणि टपावर आठ माणसं असू शकतात. मुलांना गाडी लागत असेल तर शहाद्यात शेवभाजी खाऊ घालू नका. आमची शेवभाजी घाटात उलटी फिरते. घाटात नागार्जुनाचं ठिकाण लागतं, तिथे लोक थांबून नारळ फोडतात. तुम्हीही थांबा, इंजिनालाही दम मिळतो.

तिन्हीसांजेच्या आत वर पोचा. पहिल्या संध्याकाळी एकही पॉइंट करू नका, नुसते तलावाकाठी जा. यशवंत तलाव म्हणजे गावाचं अंगण आहे. यशवंतराव चव्हाणांचं नाव त्याला दिलेलं आहे. बारमाही पाणी. काठाने सपाट चालता येतं, त्यामुळे सासऱ्यांच्या गुडघ्यांना त्रास नाही. जमेल तेवढं चालायचं, मग बसायचं. बोटी कधी चालू असतात, कधी नसतात. चालू असल्या तर लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर बसू नका. पोहायला तर अजिबात कोणी उतरू नका. तळाशी गाळ आहे आणि पाणी बर्फासारखं.

जेवणाचं एक गुपित सांगतो. वर हॉटेलं मोजकी आणि ती सांगितल्याशिवाय रांधत नाहीत. पोचल्या पोचल्या रात्रीचं सांगा, आणि रात्री जेवताना सकाळचं. "मेनू काय आहे" असं विचारू नका, "तुमच्याकडे आज काय केलंय" असं विचारा. ज्वारी किंवा मक्याची भाकर, सालाची उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा आणि वांगं किंवा हरभऱ्याची पातळ भाजी असं काही मिळालं तर तेच घ्या. पनीर मागितलं तर ते शहाद्याहून कालच्या जीपने आलेलं असणार. मुलांसाठी भाकरीवर तूप आणि गूळ. तूप तुमचं तुम्ही न्या.

आता सकाळ. या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, पण टेकड्यांमुळे तलावावर ऊन उशिरा उतरतं. साडेसहाला काठावर हजर व्हा. पाण्यावरून वाफ उठत असते, कारण पाणी हवेपेक्षा कमी थंड असतं. ऊन आधी पलीकडच्या टेकडीच्या माथ्यावर पडतं, मग हळूहळू खाली सरकत पाण्याला शिवतं, आणि वाफ पाच-दहा मिनिटांत नाहीशी होते. एवढंच आहे. पण मी बावीस वर्षांत ज्यांना ज्यांना या वेळी तिथे उभं केलं, त्यातलं कोणी खाली येऊन "काही नव्हतं" म्हणालं नाही. मुलं कुरकुर करतील, त्यांना गोधडीसकट उचलून न्या. चहाची टपरी इतक्या लवकर उघडलेली नसते, थर्मास भरून ठेवा.

नाश्त्याआधीच सीताखाई उरका. ही पठाराच्या कडेला एकदम तुटलेली खोल दरी आहे. पावसाळ्यात वरचं पाणी तिच्यात कोसळतं, डिसेंबरात धबधब्याची नुसती ओली रेघ उरलेली असते किंवा तीही नसते. धबधबा बघायला आलात असं मुलांना सांगू नका म्हणजे फसवणूक होणार नाही. सकाळी दरीत धुकं बसलेलं असतं आणि घारी आपल्या पायाखाली उडताना दिसतात. शहरातल्या मुलाला पक्ष्याची पाठ बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. दरीला सगळीकडे कठडा नाही. जिथे आहे तिथेही त्यावर चढून फोटो काढणारे असतात. माझा एक नियम आहे: मुलाचा हात मोठ्या माणसाच्या हातात, आणि त्या मोठ्या माणसाच्या दुसऱ्या हातात मोबाईल नाही. वाळलेलं गवत बुटाखाली साबणासारखं सरकतं.

कमळ तलाव छोटा. या दिवसांत कमळं फारशी नसतील, पण वाट सुखाची आहे. गोरखनाथाचं मंदिर सासू-सासरे दोघांनाही जमेल. मच्छिंद्रनाथाची गुंफा मात्र चढ-उताराची. सासऱ्यांनी वरच बसावं, मुलांनी टॉर्च घेऊन जावं. नाथपंथातलं हे मोठं ठिकाण. महाशिवरात्रीला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात अशा तिन्हीकडून माणूस लोटतो, कितीतरी जण घाट पायी चढून येतात. श्रद्धेने यायचं तर तेव्हाच या. शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा.

गावाच्या नावाचं विचारलंत तर दोन गोष्टी सांगतात. एक तोरणादेवीची. दुसरी तोरणाच्या झुडपांची, ज्याला उन्हाळ्यात पांढरी, गोडसर फळं येतात. मला दुसरी आवडते, कारण ती खाता येते.

दुपारी चारनंतर खडकी पॉइंट. तिथे जायला चालावं लागतं, म्हणून सासऱ्यांना तलावाकाठी बसवून बाकीच्यांनी जा. वाट विचारायला गावातला एखादा मुलगा सोबत घ्या आणि त्याच्याशी पैसे निघण्याआधी ठरवा, परत आल्यावर नाही. तिथून सातपुडा एकामागे एक घड्या पडल्यासारखा दिसतो. मावळती सहाच्या आसपास. उन्हाचा शेवटचा अर्धा तास बघा, पण सूर्य पूर्ण बुडेपर्यंत थांबू नका. इथे संधिप्रकाश फार टिकत नाही आणि अस्वल-बिबट्याचं जंगल आहे. मी दोनदाच अस्वल पाहिलं, दोन्ही वेळा माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलं होतं. पण लहान मुलांसोबत तो प्रयोग नको.

आता एक असं काम सांगतो जे कुठल्याच पॉइंटांच्या यादीत नाही, आणि माझ्या मते तुमच्या तेरा वर्षांच्या मुलासाठी तेच सगळ्यात मोलाचं आहे. रानपिंगळा शोधा.

हा एक छोटा घुबड आहे. १८७२ मध्ये त्याचा पहिला नमुना मिळाला, पुढच्या वर्षी ह्यूम नावाच्या पक्षी-अभ्यासक साहेबाने त्याचं वर्णन केलं. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या जंगलांत आणखी काही नमुने गोळा केले. शेवटचा १८८४ चा. मग पक्षी नाहीसाच झाला. शंभर वर्षं कोणाला दिसला नाही. मध्ये माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका नामांकित ब्रिटिश कर्नलने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ एक मिळाला असं सांगितलं, आणि शोधणारे तिकडे शोधत बसले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयांतले नमुने तपासले तेव्हा उघड झालं, की कर्नलचा पक्षी म्हणजे डेव्हिडसनचाच एक चोरलेला नमुना, पुन्हा नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला! मग बाई आणि त्यांचे दोन सोबती खऱ्या जागा धरून शोधत निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या पायथ्याच्या विरळ जंगलात सकाळच्या उन्हात झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतर तोरणमाळच्या राखीव जंगलातही त्याचा अभ्यास झाला, आणि पुढे मेळघाटात, यावलमध्ये, अगदी ठाणे जिल्ह्यातल्या तानसालाही तो सापडला.

त्या नोव्हेंबरात ते लोक आमच्या शहाद्यातून गेले असतील, आणि आम्हाला पत्ता नाही. बातमी कळल्यावर मी पाहुण्यांना मोठ्या ऐटीत रानपिंगळा दाखवायला लागलो. चार वर्षं दाखवला. मग पक्ष्यांचा अभ्यास करणारी कॉलेजची एक मुलगी जीपमध्ये होती, ती हळूच म्हणाली, "काका, हा साधा पिंगळा आहे." चार वर्षांत किती जणांना मी चुकीचा पक्षी दाखवला ते देव जाणे. तिने शिकवलेली खूण सांगतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. छातीवर तपकिरी रंग गच्च, पोट खालून पांढरं, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. आणि मुख्य म्हणजे हा दिवसा जागा असतो. थंडीत सकाळी निष्पर्ण फांदीच्या टोकावर ऊन खात बसतो. साध्या पिंगळ्यासारखा तो वस्तीत, घराच्या वळचणीला येत नाही. त्याला मोकळं सागाचं जंगल लागतं.

म्हणजे शोधायचा कुठे? वर गावात नाही. खाली उतरताना, पायथ्याच्या सागाच्या पट्ट्यात, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. गाडी रस्त्याच्या कडेला लावा, इंजिन बंद करा, दहा मिनिटं कोणी बोलू नका. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. ती त्याची हद्द असते. दुसरा आला समजून तो शिकार सोडून भांडायला येतो आणि उपाशी राहतो. दिसेलच असं मी सांगत नाही. मला खात्रीने तो मोजक्याच वेळा दिसला आहे. पण गोष्ट माहीत असली की तेरा वर्षांचा मुलगा प्रत्येक सागाकडे बघत बसतो, आणि मागच्या सीटवर भांडणं होत नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा मधला वेळ पाड्यांकडे चालत जाण्यात घालवा. इथे भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती आहे. घरं आपल्यासारखी एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं घर त्याच्या त्याच्या शेतात, म्हणून अख्खा पाडा डोंगरभर विखुरलेला. कुडाच्या भिंती, वर कौलं. बाईमाणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि विचारल्यावर नाही म्हटलं तर हसून पुढे चला. मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. मी कैक वर्षं पाहतोय, या वाटण्यामुळे पोरं गाडी दिसली की हात पसरून धावायला लागली आहेत. द्यायचंच असेल तर कुणाच्या दारात बसून चहा मागा आणि त्याचे पैसे द्या, किंवा आमचूर, चारोळी असं काही विकत घ्या. मराठी सगळ्यांना कळते असं समजू नका. जुन्या माणसांशी भिलोरी-पावरीच लागते, तरण्या पोरांना मराठी येते. सासऱ्यांची अहिराणी जिवंत असेल तर त्यांना पुढे करा. कळलं नाही तरी सूर जुळतो.

आमचुराबद्दल दोन शब्द. धडगाव भागात आंब्याची झाडं फार. उन्हाळ्यात कच्च्या कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात खडकांवर पसरतात. वाळल्या की पांढुरक्या, कडक, चुरचुरीत होतात. अख्ख्या उन्हाळ्याची घरची मेहनत आणि व्यापारी भाव देतो तो ऐकून वाईट वाटतं. म्हणून सरळ बाईच्या हातून घ्या आणि घासाघीस करू नका. काळपट, ओलसर फोडी घेऊ नका, त्या पावसात भिजलेल्या असतात. मोहाच्या दारूचं कोणी तुमच्या मिस्टरांना विचारेलच. नको म्हणा. घाट उतरायचा आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो: मुलं मोठी झाली की एकदा होळीच्या आधीच्या आठवड्यात या. तेव्हा सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल, पावरी नावाचं वाद्य, अंगावर पांढरी नक्षी काढलेले, मोरपिसांचे टोप घातलेले आणि कमरेला घुंगरं-भोपळे बांधलेले नाचणारे. त्यांनी त्या दिवसांत व्रत धरलेलं असतं, म्हणून त्यांच्या अंगाला हात लावून सेल्फी नको. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, ती बघायला रात्र जागावी लागते. दिवाळीच्या दिवसांत तळोद्याहून अस्तंबा डोंगराची, अश्वत्थाम्याची यात्रा निघते. ती मात्र कसलेल्या पायांचं काम. पावसाळ्यात तोरणमाळ सगळ्यात देखणं असतं हे मी नाकारत नाही. पण एका जुलैत जीपमधली आठ माणसं आणि मी दरड पडल्यामुळे अख्खी रात्र घाटातच काढली आहे, आणि धुक्यात बॉनेटसुद्धा दिसत नव्हतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन जून ते सप्टेंबर वर जाऊ नये असं माझं मत आहे, मग फोटो कितीही हिरवे असोत. आणि पावसाळा सोडून कधीही आलात, तरी अंधारात घाट नको.

परतीची वाट वेगळी धरा. सकाळी चहा घेऊन साडेसातला निघा, पायथ्याला रानपिंगळ्यासाठी थांबा, अकरापर्यंत शहाद्यात जेवा. आता शेवभाजी खायला हरकत नाही, भाकर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची मागा. सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी उनपदेवचा गरम पाण्याचा झरा बघायचा असेल तर तो शहादा तालुक्यातच दऱ्याजवळ आहे, पण वाट वाकडी करावी लागते. त्यासाठी दिवस लहान पडेल, मी सोडून देईन.

शहाद्याहून प्रकाशा. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं मंदिर, लोक याला दक्षिण काशी म्हणतात. सासूबाईंना घाटावर बसू द्या. इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाचं १९५५ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा लोखंड येण्याआधीच्या, तांबं आणि दगड वापरणाऱ्या माणसांची वस्ती सापडली. म्हणजे या संगमावर माणसं साडेतीन हजार वर्षं तरी नांदत आहेत. पुढे नंदुरबार. गावाजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागतील, एकरच्या एकर लाल पसरलेलं. गाडीच्या काचा आधी वर करा, मग बघा. एकदा एका पाहुण्याने हौसेने खाली उतरून मूठभर मिरची हुंगली आणि साक्रीपर्यंत शिंकत बसला.

नंदुरबारहून नाशिकला धुळ्यावरून न जाता साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा, देवळा असे जा. छडवेलच्या आसपास डोंगरमाथ्यावर पवनचक्क्यांची रांग लागते, दुपारी चारच्या उन्हात छान दिसते. सटाण्याला चहा घ्या. त्यानंतर ट्रक वाढतात, म्हणून तिथून पुढे गाडी मिस्टरांनी चालवली असेल तर तुम्ही घ्या, तुम्ही चालवली असेल तर त्यांना द्या. सकाळपासून एकाच माणसाच्या हातात स्टिअरिंग राहायला नको. आणि आमचुराची पिशवी डिकीत घट्ट बांधून ठेवा, नाहीतर गोधड्यांना आठवडाभर कैरीचा वास येतो.